मॉर्वांमध्ये चार दिवस रोड सायकल: शांत रस्ते कसे निवडायचे?

चढउतार_७००
सप्टेंबरच्या मध्यात पॅरिसहून चार दिवस काढता येतील. बुर्गुन्यमधल्या मॉर्वांच्या जंगलातून, गाड्या शक्य तितक्या कमी असलेल्या डांबरी रस्त्यांनी जायचं आहे. सायकल रोडची, टायर २८ मिमी, पुढच्या चक्रांना ५०/३४ दाते, मागच्या चक्रांना ११ ते २८. सामान सॅडलबॅगेत, ६–७ किलो. राहणं गावातल्या खोल्यांमध्ये, तंबू नाही. तीन गोष्टी हव्यात: (१) नकाशावर शांत रस्ता ओळखायचा कसा, (२) आव्हालाँपासून दक्षिणेकडे जाणारा ढोबळ मार्ग, (३) हे गिअर पुरतील का. ॲपने काढलेला मार्ग दर दहा किलोमीटरला कच्च्या जंगलवाटेवर नेतो आहे.

पिवळीपांढरीरेघ
आधी रस्त्यांच्या नंबरांबद्दल. सगळेच रस्ते 'डी', म्हणजे जिल्ह्याचे, त्यामुळे नुसत्या 'डी'वरून काहीच कळत नाही. मात्र नऊशेच्या घरातले नंबर पाहिले की सावध व्हा. ते बहुतेक पूर्वीचे राष्ट्रीय महामार्ग आहेत. १९७० च्या दशकात किंवा नंतर जिल्ह्यांकडे आले, पण रुंदी आणि वाहतूक तीच राहिली. मॉर्वांत असे मुख्य तीन: सोल्यूवरून जाणारा डी ९०६, आव्हालाँ–लोर्म–शातो-शिनों हा डी ९४४, आणि ओतँ–शातो-शिनों–नव्हेर हा डी ९७८. यांतला डी ९७८ सर्वांत त्रासदायक, कारण पूर्व-पश्चिम जाणारे ट्रक त्यावरूनच जातात. हे तिन्ही शक्यतो फक्त ओलांडायचे, त्यांच्यावरून प्रवास करायचा नाही.

मिशलँचा कागदी नकाशा घ्या. पांढरे रस्ते तुमचे, पिवळे गरजेपुरते, लाल टाळायचे. पांढऱ्या रस्त्याची कड तुटक रेघेची असेल तर डांबराचा भरवसा नाही. रस्त्यावरचे बाणही बघा: एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त.

ॲप फसतं त्याचं कारण सरळ आहे. लाकूडतोडीसाठी बांधलेल्या जंगलरस्त्यांची सुरुवात किलोमीटरभर डांबरी असते आणि मग अचानक खडी लागते. नकाशात मात्र अख्खा रस्ता एकाच जातीचा म्हणून नोंदलेला असतो. म्हणून ॲपला दोन टोकं देऊन मोकळं होऊ नका, मधली गावं एकेक करून टाका. दोन गावांना जोडणारा नंबरवाला डी रस्ता जवळपास नेहमी डांबरी असतो. शंका आली तर झेओपोर्ताय या फ्रान्सच्या सरकारी नकाशांच्या संकेतस्थळावर तोच तुकडा हवाई छायाचित्रात पाहावा.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिशा. योन, क्यूर, कुझँ या नद्या उत्तरेकडे किंवा वायव्येकडे वाहतात. दऱ्यांच्या बाजूने उत्तर-दक्षिण गेलात तर चढ पसरून मिळतो. पूर्व-पश्चिम गेलात की प्रत्येक नदीपाशी पुलापर्यंत उतरायचं आणि पलीकडे पुन्हा १५०–२०० मीटर चढायचं. किलोमीटर तेवढेच दिसतात, पाय मात्र लवकर संपतात. दक्षिण टोक उंच आहे (ओ-फोलँ ९०१ मी.), म्हणून उत्तरेकडून सुरुवात करून शेवटी आरू नदीच्या खोऱ्यात उतरणं बरं.

ढोबळ मार्ग असा. पहिला दिवस, ५० किमीच्या आसपास: आव्हालाँहून कुझँच्या दरीतला डी ४२७ धरून पोंतोबेर. अरुंद, सावलीचा रस्ता, सोबत जुन्या पाणचक्क्या. तिथून वेझले. यातला डी ९५७ वर येणारा भाग वर्दळीचा आहे, बाजूच्या गावांतून वळसा घेता येतो. मग सँ-पेर, प्येर-पेर्तुई (इथे क्यूरवर दोन पूल आहेत, जुना खाली, नवा बराच वर) आणि शातेलूवरून कारे-ले-तोंब. दुसरा, ४०–४५ किमी: सँ-लेजे-वोबाँ, प्येर-की-व्हीरचा मठ, सँतान्याँचा तलाव, सँ-ब्रिसों, गुलू, मोंसोश, आणि मुक्काम सेतों तलावाकाठी. चारही दिवसांत सर्वांत सुंदर हाच. मठाच्या आसपासच्या जंगलात तासभर एकही गाडी दिसली नाही तरी नवल नाही, म्हणून अंतर मुद्दाम कमी ठेवलं आहे. तिसरा, तेवढाच: प्लाँशे, शोमार, पानसियेर तलावाचा काठ, धरण, शेवटी शातो-शिनोंचा चढ. चौथा, ५५–६० किमी: आर्लफ, ओ-फोलँ, ग्लू-आँ-ग्लेन, मों बव्रेचा पायथा, सँ-लेजे-सू-बव्रे, एताँ-सुर-आरू स्टेशन. शातो-शिनों ते आर्लफ हा सुमारे १० किमीचा तुकडा मात्र नाइलाजाने डी ९७८ वर आहे. तो सकाळी लवकर उरका, किंवा चौथा दिवस रविवार येईल असं बघा.

चेनकडी
गिअरचं उत्तर: पुरतील, पण दमवतील. ३४/२८ ला (पुढे ३४, मागे २८ दाते) पायडलच्या दर फेरीला साधारण २.६ मीटर पुढे जाता. पायडल मिनिटाला ६० वेळा फिरवलं तर वेग ताशी ९.३ किमी. सात किलो सामान घेऊन १० टक्क्यांच्या चढावर बहुतेकांना हा वेग टिकत नाही. मग पायडल ४५ वर येतं आणि भार गुडघ्यावर जातो. इथले चढ लांब नाहीत, बरेचसे ३ ते ६ किमीचे, ४–६ टक्क्यांचे. पण ते संपतच नाहीत. दर किलोमीटरला सरासरी १५–१८ मीटर चढाई धरा, म्हणजे ५० किमीला ७५०–९००.

मागे ११–३४ ची कॅसेट (दातेचक्रांचा संच) टाका. आधी डेरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) बघा: शिमानो १०५ च्या आर ७००० मालिकेत आखूड पिंजरा ३० दात्यांपर्यंतच चालतो, ३४ साठी लांब पिंजरा लागतो. शिमानोची एचजी ८०० ही ११–३४ कॅसेट ११ स्पीडच्या रोड हबवर बसवताना मागे १.८५ मिमीची चकती घालावीच लागते. ती विसरली की लॉकरिंग घट्ट होऊनही कॅसेट खुळखुळते.

चेनही नवी, लांब हवी. मोठ्या चेनरिंगवर आणि मागच्या सर्वांत मोठ्या दातेचक्रावर, डेरेलरमधून न घेता गुंडाळा. दोन टोकं जिथे जुळतील त्याच्यापुढे एक जोडी (एक आतली, एक बाहेरची कडी) जास्त ठेवून तोडा. जुनी आखूड चेन ठेवली आणि चुकून पुढे-मागे दोन्हीकडे मोठं चक्र पडलं, तर डेरेलर ताणला जाऊन हँगर (डेरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) मोडतो. त्या सायकलचा सुटा हँगर सोबत असू द्याच, खेड्यात मिळणार नाही.

हवा: ७५ किलोच्या माणसाला मागे ५ बार, पुढे ४.५. पावसात दोन्हीकडे अर्धा बार कमी.

तिथे भाड्याची सायकल घेणार असाल तर ब्रेक तपासा. फ्रान्समध्ये डावा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो. आपल्याकडे बहुतेक सायकलींवर उजवा असतो. ओल्या उतारावर हाताची सवय चुकीचा ब्रेक दाबते. दुकानदाराला सांगून केबल बदलून घ्या. डिस्क हायड्रॉलिक असेल तर ते काम मोठं आहे, म्हणून आधीच कळवा.

चढउतार_७००
दोघांचेही मनापासून आभार. कॅसेट बदलतो. दोन शंका उरल्या: दुपारचं खाणं-पाणी या गावांत मिळतं का? आणि सप्टेंबरमध्ये रस्त्यावर नेमका कशाचा धोका?

दुपारबंद
खाण्याचं नियोजन मार्गाइतकंच काटेकोर हवं. बेकरी साधारण साडेबारा ते तीन-साडेतीन बंद, आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद, पुष्कळदा सोमवारी. रविवारी दुपारनंतर काहीही उघडं मिळेल असं धरू नका. उपाहारगृहात जेवण बाराला सुरू होतं आणि दीडनंतर आलेल्याला बहुधा नाही म्हणतात. म्हणून सकाळी निघतानाच दुपारचा पाव आणि चीज बरोबर घ्या. प्येर-की-व्हीरच्या मठाचं स्वतःचं चीज आहे, दुसऱ्या दिवशी वाटेतच मिळेल. खरी दुकानं कारे-ले-तोंब, मोंसोश आणि शातो-शिनोंत. मधल्या वस्त्यांत घरं आहेत, दुकान नाही.

पाणी: गावाच्या दफनभूमीत फाटकाजवळ बहुतेक ठिकाणी नळ असतो, सायकलवाले तिथेच भरतात. 'ओ नों पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी असेल तर पिऊ नका. रस्त्याकडेचे जुने दगडी हौद दिसायला छान, पण बरेचसे याच वर्गातले. ७५० मिलीच्या दोन बाटल्या पुरे.

पिवळीपांढरीरेघ
धोक्यांत सर्वांत वाईट 'ग्राव्हियों'. उन्हाळ्यात गरम डांबराचा थर मारून त्यावर बारीक खडी सोडतात आणि गाड्यांच्या चाकांनीच ती दाबली जाऊ देतात. आठवडा-दोन आठवडे ती सुटी राहते, वळणांच्या बाहेरच्या कडेला ढीग होतो. पाटी दिसली की गाडीच्या चाकाने घासलेल्या पट्ट्यात राहा, ब्रेक वळणाआधी मारा, वळणात सायकल कलंडवू नका. एकामागे एक जाताना अंतर वाढवा, खडी उडते.

दुसरं, लाकडाचे ट्रक. डग्लस फरची लागवड इथे अफाट आहे, तोड चालू असते तिथे जंगलवाटेच्या तोंडाशी चिखल आणि सालींचा थर पडतो. पावसात तो साबणासारखा निसरडा. एकेरी रस्त्यावर समोरून ओंडक्यांचा ट्रक आला तर थांबून कडेच्या गवतावर उतरा. त्याला तुमच्यासाठी जागा करता येत नाही.

तिसरं, उजवीकडचा अग्रहक्क. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली कितीही चिंचोळी असो. उतारावरून गावात शिरताना हात ब्रेकवर हवेत. पिवळा चौकोनी हिरा दिसला तर हक्क तुमचा. त्याच पाटीवर काळी तिरकी रेघ असेल तर तो संपला.

चेनकडी
शिकारीचा हंगामही सप्टेंबरमध्येच उघडतो आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. रस्त्याकडेला शिकार चालू असल्याची पाटी आणि नारिंगी जॅकेटवाले दिसले तर डांबर सोडून झाडीत शिरू नका, लघवीलासुद्धा नाही. स्वतःही भडक नारिंगी घाला. परावर्तक जॅकेट रात्री आणि धुक्यात गावाबाहेर कायद्यानेच सक्तीचं आहे. सेतों आणि पानसियेरच्या काठांवर सप्टेंबरच्या सकाळी धुकं नेहमीचं, त्यामुळे ते आणि मागचा दिवा बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

परतीचं: एताँ-सुर-आरूहून टेर या प्रादेशिक रेल्वेगाडीने नव्हेर किंवा दिजोंच्या दिशेने जाता येतं. टेरमध्ये जागा असेपर्यंत सायकल फुकट. नव्हेरहून पॅरिस-बेर्सीच्या लांब पल्ल्याच्या गाडीत मात्र सायकलची जागा तिकिटासोबतच राखून ठेवा. गाड्या दिवसाला मोजक्याच आहेत, म्हणून आधी परतीची वेळ पक्की करा आणि तिच्यावरून चौथ्या दिवशी शातो-शिनों किती वाजता सोडायचं ते ठरवा. ओ-फोलँवर दुपारी दोननंतर पोहोचत असाल तर माथा सोडून आर्लफवरून थेट ग्लू गाठा.