जॅकेट घातलं की कुत्री जागची हलत नाही. गणपतीआधी काय करता येईल?

तिकटीवरचा
देशी कुत्री, वय ४, वजन १८ किलो, छातीचा घेर ६२ सेंमी. घर कोल्हापुरात, मिरजकर तिकटी चौकाजवळ. फटाके आणि डॉल्बी दोन्हीला घाबरते : धाप लागते, थरथरते, बाथरूममध्ये कोपऱ्यात जाऊन बसते. घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी मिळतं तसलं घट्ट जॅकेट आणलंय, व्हेल्क्रोवालं. अडचणी दोन. व्हेल्क्रो उघडल्याचा आवाज आला की पळते. आणि अंगात घातलं की मान खाली घालून जिथल्या तिथं उभी राहते, चिकनचा तुकडाही घेत नाही. घरचे म्हणतात शांत झाली. खरंच शांत झालीय का? अनंत चतुर्दशीला अजून पाच आठवडे आहेत. किती घट्ट आवळायचं, किती वेळ ठेवायचं, तेही सांगा.

भावा_४१६
काढू नका, घालूनच ठेवा. दोन दिवस कुरकुर करेल, मग विसरेल. सगळी कुत्री तशीच शिकतात.

शेपूटवाचन
वरचा सल्ला अजिबात पाळू नका.

तुमची कुत्री शांत नाही, गोठलीय. शांत झालेलं कुत्रं बसतं, कुशीवर कलतं, श्वास सावकाश होतो, पापण्या जड होतात आणि दिलेलं खातं. गोठलेलं उभंच राहतं किंवा दबून बसतं, शेपूट पोटाखाली, ओठ चाटतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, आवडीचा खाऊसुद्धा तोंडात घेत नाही. खाणं बंद झालं ही मोठी खूण. अशा अवस्थेत जॅकेट तासन्‌तास ठेवलं तर ती एवढंच शिकते की हे कापड दिसलं म्हणजे सुटका नाही. पुढच्या वेळी कपाट उघडलं की गायब, आणि धरायला गेलात तर चावायचीही शक्यता.

म्हणून सध्याचं जॅकेट आठवडाभर नजरेआड ठेवा. मग शांत दिवशी, तिचं पोट अर्धं रिकामं असताना सुरुवात करा. एका बैठकीला ३-४ मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा. खाऊ म्हणजे उकडलेलं चिकन किंवा पनीर, नखाएवढे तुकडे. घरच्या रश्श्यातला तुकडा नको, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी.

आधी जॅकेट जमिनीवर पसरा आणि तुकडे त्यावर टाका. ती आपणहून त्यावर पाय ठेवायला लागली की हातात घेऊन खांद्याला टेकवा, बाजूला करा, मग तुकडा. त्यानंतर पाठीवर नुसतं टाकायचं, दोन सेकंद, न बांधता. मग पाच, मग दहा. मग छातीखालचा पट्टा पलीकडे नेऊन परत आणायचा. बंद करायचं सगळ्यात शेवटी, तेही आधी सैल. कापड आधी, तुकडा लगेच मागून, हा क्रम मोडायचा नाही. खाऊ दाखवून फसवून कापड घातलं तर तिला खाऊचाच संशय येतो. कुठल्याही टप्प्यावर तिनं मान वळवली किंवा मागं सरली, तर मागच्या टप्प्यावर या. काही टप्प्यांना एक दिवस लागतो, काहींना आठवडा. पाच आठवड्यांत बहुतेक होईल, पण कॅलेंडर बघून घाई करू नका.

घट्टपणा : कोपरामागे कापडाखाली दोन बोटं आडवी सहज सरकली पाहिजेत. सैल राहिलं तर कापड हलत राहतं आणि त्यानंच ती बेचैन होते. फार आवळलं तर बरगड्या फुलत नाहीत. घालून झाल्यावर दोन पावलं चालवून बघा. पाऊल आखडतं पडलं तर बगलेत कापतंय.

आणखी एक, हे बरेच जण चुकवतात. जॅकेट फक्त फटाक्यांच्या दिवशीच बाहेर काढलं तर तेच धोक्याची सूचना होतं. एरवीही, जेवणाआधी, फिरायला निघताना, दहा-दहा मिनिटं घाला.

सुईदोरा
व्हेल्क्रोबद्दल. बंद करताना तो जवळजवळ गप्प असतो, बोंब होते ती उघडताना. आणि उघडायची वेळ येते तेव्हा जॅकेट तिच्या अंगात असतं, आवाज कानापासून वीतभर, पळायला वाट नाही. त्यामुळे घालण्याआधी सगळे पट्टे दुसऱ्या खोलीत उघडून आणा. काढताना टोक धरून ओढू नका. एक हात शेजारी दाबून ठेवा आणि दुसऱ्यानं बोटाबोटानं सोडवा.

आवाजाची वेगळी सवयही करता येते : व्हेल्क्रो जाड टॉवेलात गुंडाळून, दार लोटून, पलीकडच्या खोलीत एकदा उघडायचा. तिनं कान टवकारले की तुकडा. हळूहळू टॉवेल कमी, अंतर कमी. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ शिंप्याकडे जा आणि व्हेल्क्रो काढून दप्तराला असतं तसलं प्लास्टिकचं बकल लावून घ्या. टिच बटणं नकोत, ती लावताना अंगावर दाबावं लागतं.

नवीनच शिवून घेणार असाल तर होजिअरीचं लायक्रा मिसळलेलं कापड घ्या आणि ताण अंगाभोवती येईल असं बेतायला सांगा. इचलकरंजीचं सुती कापड टिकाऊ खरं, पण साधं विणलेलं असल्यानं ताणत नाही, या कामाला उपयोगाचं नाही.

तिकटीवरचा
बकलचं डोक्यात आलं नव्हतं. जॅकेट नजरेआड असताना आठवडाभर दुसरं काही वापरता येईल का? मेडिकलमधलं क्रेप बँडेज गुंडाळतात असं वाचलंय.

सुईदोरा
येईल, आणि तिला ते जॅकेटपेक्षा सोपं जाईल. पण त्याचीही वर सांगितलेल्या क्रमानंच ओळख करून द्या.

१८ किलोला ८ सेंमी रुंदीचं घ्या. मधला भाग छातीच्या पुढं, गळ्याच्या खाली ठेवायचा. दोन्ही टोकं खांद्यांवरून वर, पाठीवर फुली, मग पुढच्या पायांमागून खाली, छातीखाली दुसरी फुली, परत वर आणून पाठीवर गाठ. गाठ कण्यावर नको, एका बाजूला. उरलेलं कापून टाका, लोंबतं टोक पायात येतं. ताण द्यायचा तो बँडेज जेवढं ताणतं त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच. करकचून ओढलं की कडा वळून दोरीसारखी रुततात. पाकिटात येणाऱ्या लोखंडी क्लिपा वापरू नका, निसटल्या की गिळतात. पोटाच्या मऊ भागावर काही बांधायचं नाही. दहा मिनिटं, ती डोळ्यांसमोर असताना.

तेही नको असेल तर घरातला जुना टी-शर्ट. पुढची बाजू तिच्या पाठीवर येईल असा उलटा घालायचा, पुढचे पाय बाह्यांतून, आणि कमरेवर जास्तीचं कापड गोळा करून त्या गोळ्याला रबरबँड, अंगाभोवती नाही.

पंचगंगाकाठ
भाद्रपदात पाऊस उघडला की इथं घाम निथळतो, आणि दिवाळीला ऑक्टोबर हीट. कुत्र्याला गार व्हायला धाप हाच मुख्य मार्ग, त्यावर घट्ट कापड म्हणजे भर. भीतीची धाप की उकाड्याची, हे नुसतं बघून कळत नाही. गुदद्वारातलं तापमान ३९.५ अंशांच्या वर गेलं की जॅकेट काढा, पंखा लावा, पंजे आणि पोट ओलं करा. ४० च्या वर असेल तर हे करतानाच डॉक्टरांना फोन. पंखा चालू, जमिनीवर फरशी, पाणी जवळ, हे असेल तरच घाला. दर तासाला काढून बगल आणि कोपरामागची कातडी बघा. ओलं झालेलं जॅकेट अंगावर ठेवू नका.

आता डॉल्बी. जॅकेट आवाज अडवत नाही, अंगावर दाब देतं, एवढंच. काही कुत्र्यांना फरक पडतो, काहींना शून्य. डॉल्बीचा ठोका भिंतीतून आणि फरशीतून येतो. टीव्ही मोठा केल्यानं किंवा कानांवर पट्टी बांधल्यानं तो कमी होत नाही. तुमच्या तिकटीवरूनच मिरवणूक बिनखांबी गणेश, महाद्वार रोडकडे जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. तेवढा वेळ कुठलंच जॅकेट पुरणार नाही आणि ठेवूही नये. आदल्या दिवशीच तिला गावाकडं किंवा रस्त्यापासून लांब पाहुण्यांकडं हलवा, तिची गादी आणि जॅकेट बरोबर.

थरथर आणि खाणं बंद इथपर्यंत जात असेल तर औषधाचं आत्ताच विचारा. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन डॉक्टर वजनावरून ठरवतात. आवाज सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी द्यावं लागतं, आणि एकदा शांत दिवशी देऊन बघावं लागतं, कारण एखादं कुत्रं उलट जास्त बिथरतं. माणसांचं गॅबापेंटिन सिरप घरचं घरी देऊ नका, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असू शकतं, ते कुत्र्याला घातक. नुसतं एसिप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध दिलं तर अंग ढिलं पडतं पण भीती तशीच राहते, तेव्हा चिठ्ठीवर तेवढंच दिसलं तर डॉक्टरांना विचारा.

तिकटीवरचा
कागलला बहीण आहे, तिकडं नेतो. तिथं आधी एकदा राहायला न्यावं लागेल का?

शेपूटवाचन
हो, निदान दोनदा, एकदा रात्री मुक्कामाला. अनोळखी घर आणि जॅकेट दोन्ही एकाच दिवशी अंगावर येऊ देऊ नका. पहिल्या मुक्कामाला जॅकेट घालू नका, नुसतं तिच्या गादीवर अंथरा.