मदत हवी आहे: नाशिकमध्ये लहान मुलांची आयओ सुई (शिरेऐवजी हाडातून सलाईन द्यायची सुई) कुठे मिळेल?

जुलाबाने सुकून शॉकमध्ये गेलेल्या बाळाची शीर सापडत नाही. दोन प्रयत्न फसले की नडगीच्या हाडात सुई घालायची, घोळ घालत बसायचं नाही. त्यासाठी 18 गेज जाडीची आयओ सुई गोळे कॉलनीतल्या औषध बाजारात कोणाकडे कायम असते? आम्हाला मोठ्यांचीच दाखवतात.

दुसरं, सलाईन नुसतं टांगून हाडात नीट उतरत नाही. थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून सिरिंजने आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईन, ढकलावं लागतं, बाळाच्या वजनाच्या किलोमागे 20 मिली. तेवढ्यात बाळ पाय झाडतं, सुई हलते, पाणी बाहेर झिरपून पोटरी दगडासारखी टणक होते. दोन्ही बाजूंना गॉजच्या गुंडाळ्या, वर चिकटपट्टी आणि गुडघ्याखाली फळी, एवढं करूनही सुई सैल पडते. तुमच्याकडे कशाने पक्की राहते? सिस्टर मंडळींनीही सांगा, हे त्यांच्याच हातात असतं.