मदत हवी आहे: एनआयएफच्या प्रपोजलसाठी पल्स शेप आणि शॉटची संख्या

लोहगर्भ
मुदत अगदी तोंडावर आलीय. एनआयएफ म्हणजे अमेरिकेतला महाकाय लेझर; त्याने लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू १००० गिगापास्कलपर्यंत दाबायचा आणि क्ष-किरण विवर्तनाने त्यातली अणूंची रचना बघायची. तांत्रिक भागात पल्स शेप (लेझरची शक्ती वेळेनुसार कशी बदलायची) आणि शॉट (लेझर किती वेळा झाडायचा) किती हवेत ते लिहायचंय. रॅम्प (दाब हळूहळू चढवणं) किती नॅनोसेकंदांचा धरू? सहकारी म्हणतात १२ शॉट मागा. कुणाकडे नमुना पल्स असेल तर टाका. प्रस्तावना वगैरे नको, ती लिहून झालीय.

काचवाला
सिलिकॉन किती टक्के? नमुन्याची फॉइल किती जाड? नुसता रॅम्प, की आधी शॉक (एकदम बसणारा दाबाचा धक्का) आणि मग रॅम्प? खिडकी (नमुन्यामागचा पारदर्शक स्फटिक) कशाची, बॅकलायटर (क्ष-किरणांचा स्रोत) कुठला? यातलं काहीच न सांगता पल्स कोण देणार? आणि लिव्हरमोरच्या डिस्कव्हरी सायन्सबद्दलच (एनआयएफवर मूलभूत विज्ञानासाठी शॉट देणारा कार्यक्रम) बोलताय ना?

लोहगर्भ
हो, लिव्हरमोरच, दुसरं कुठलं असणार? सिलिकॉन वजनाने १५ टक्के. फॉइल २० मायक्रॉन. खिडकी लिथियम फ्लोराइड. बॅकलायटर जर्मेनियम. नुसता रॅम्प. आता पल्स?

इमेजप्लेट
पल्स राहू द्या, आधी फॉइल बघा. जर्मेनियमची रेषा १०.२५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला. तुमच्या मिश्रधातूत १० मायक्रॉनमागे तीव्रता जवळपास ३७ टक्क्यांवर येते, म्हणजे २० मायक्रॉनमधून सातवा-आठवा हिस्सा बाहेर पडेल. दाबल्यावर फॉइल पातळ होते म्हणून किरण जास्त जातील असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, क्षेत्रफळामागचं वस्तुमान तेवढंच राहतं. ८ मायक्रॉनच्या वर जाऊ नका.

दुसरी कटकट: लोखंडाचा के-एज (ज्या ऊर्जेच्या वर ते क्ष-किरण एकदम जास्त शोषतं) ७.११ ला. त्याच्या वरचा बॅकलायटर लावला की नमुना स्वतःच ६.४ ला चमकतो आणि इमेज प्लेटवर (क्ष-किरण टिपणाऱ्या पत्रीवर) सगळीकडे धुकं पसरतं. फिल्टरने थोडं कमी होतं, जात नाही. लोखंडाचाच बॅकलायटर घेतला तर ६.७, एजच्या खाली, चमक नाही. पण तरंगलांबी १.८५ अँगस्ट्रॉम होते. घनता १५ धरली तर तुमची मुख्य रेषा (अणूंच्या थरांमधलं अंतर) १.५६ अँगस्ट्रॉमच्या आसपास, ती ४६ अंशांऐवजी ७३ अंशांवर जाईल आणि पुढच्या रेषा हाताला लागणार नाहीत. दोन्ही बाजू प्रपोजलमध्ये लिहा, समीक्षक विचारतातच.

खडूस_समीक्षक
समीक्षक त्याआधी दुसरंच विचारतील. ७ आणि १५ टक्के सिलिकॉन, रॅम्प, विवर्तन, १३०० गिगापास्कलपर्यंत, हे सगळं ओमेगावर (रोचेस्टरच्या लेझरवर) होऊन २०१८ मध्ये छापून आलंय. ७ टक्क्यांना एचसीपी, १५ टक्क्यांना बीसीसी (अणूंच्या दोन वेगळ्या मांडण्या). मग तुम्ही नवीन काय करताय? आणि एनआयएफच का? या दुसऱ्या प्रश्नावर निम्मी प्रपोजलं गार होतात. लहान लेझरवर होणारं काम असेल तर शॉट मिळत नाही, मिळूही नये.

रोचेस्टरकर
हेच म्हणायला आलो होतो. ओमेगा ईपीवर (तिथल्याच दुसऱ्या लेझरवर) जा, चार बीम, १० नॅनोसेकंदांपर्यंतचा पल्स, दिवसाला बरेच शॉट. एनआयएफवर एका शॉटनंतर लेझरची काच थंड व्हायलाच कित्येक तास जातात. आधी ईपीवर विदा जमवा, मग मोठ्या दारात उभे राहा.

खडूस_समीक्षक
@रोचेस्टरकर, प्रत्येक धाग्यावर ईपीच का? त्यांची मुदत आत्ताची आहे. शुद्ध लोखंडाचं वितळणं शॉक-रॅम्पने १००० गिगापास्कलपर्यंत एनआयएफवरच मोजलंय, २०२२ चा पेपर आहे. सिलिकॉन मिसळल्यावर वितळबिंदू किती घसरतो, हा प्रश्न घ्या. महापृथ्वींचा (पृथ्वीपेक्षा मोठ्या खडकाळ ग्रहांचा) गाभा द्रव की घन, चुंबकीय क्षेत्र टिकेल की नाही, सगळं त्यावर ठरतं. लांब आणि बारकाईने घडवलेला पल्स लागतो, त्यामुळे "एनआयएफच का" याचं उत्तर आयतं मिळतं.

हिऱ्याची_ऐरण
लेझर कशाला? हिऱ्याच्या ऐरणीत (दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबून) तापमान नीट मोजता येतं, दाब तासन्‌तास टिकतो. तुमच्या रॅम्पमध्ये तापमान कोण मोजणार? चार-पाच हजार केल्विनच्या खाली पायरोमीटरला (उजेडावरून तापमान काढणाऱ्या उपकरणाला) उजेडच पुरत नाही.

काचवाला
@हिऱ्याची_ऐरण, तापमानाचा मुद्दा मान्य. पण पृथ्वीच्या केंद्रात ३६४ गिगापास्कल, तुमची नेहमीची ऐरण त्याच्या आसपास थकते. हे १००० म्हणतायत.

चौकस
अवांतर: २०२२ मध्ये एनआयएफवर अणुसंमीलनात २.०५ मेगाज्यूल घालून ३.१५ मिळाले ना? मग वीज कधी येणार?

इमेजप्लेट
@चौकस, त्या शॉटला लेझरने ग्रिडमधून ३०० मेगाज्यूलच्या आसपास ओढले होते. आणि इथे ड्युटेरियम-ट्रिटियम (संमीलनाचं इंधन) नाहीच, वेगळा धागा काढा.

काचवाला
आता पल्स. शुद्ध लोखंड शॉकखाली २२५ ते २६० गिगापास्कलच्या पट्ट्यात वितळतं, सिलिकॉनने तो आकडा हलेल. पहिला शॉक त्याच्या वर हवा, मग थोडा सपाट टप्पा, मग रॅम्प. आकडा कुणाकडून उसना घेऊ नका. नमुन्यात हवा असलेला दाब धरून उलटं गणित मांडा, ॲब्लेटरवर (लेझर ज्यावर पडतो त्या पुढच्या थरावर) किती दाब लागेल ते हायड्रोकोडमधून (दाबलहरींचं गणित करणाऱ्या प्रोग्रॅममधून) काढा. रॅम्प घाईचा झाला की मागच्या लहरी पुढच्यांना गाठतात, दुसरा शॉक तयार होतो आणि नमुना नको तेवढा तापतो. हिऱ्याचा ॲब्लेटर असेल तर ८०-१०० गिगापास्कलच्या आसपास त्याची लवचीक मर्यादा येते, तिथे लहर दुभंगते. सुरुवातीचा शॉक त्याच्या बराच वर असावा.

लिथियम फ्लोराइड रॅम्पखाली ८०० पर्यंत पारदर्शक राहतं हे दाखवलेलं आहे. तुम्ही १००० लिहिलंय, म्हणजे व्हिसारचा (खिडकीतून नमुन्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणाचा) सिग्नल ऐन शेवटी गेला तर दाब कसा काढणार हे लिहायला हवं. व्हिसारच्या दोन्ही शाखांची संवेदनशीलता वेगळी मागा, नाहीतर शॉकवर किती फ्रिंज (व्हिसारच्या चित्रातले पट्टे) उडाल्या ते कळत नाही.

१२ शॉट मागितलेत तर हसतील. ४००, ६००, ८०० आणि एक वरचा, शिवाय बॅकलायटर न पेटवता एक, पार्श्वभूमीसाठी. पाच. आणि पहिल्या दोनच शॉटमध्ये काय हाती लागेल ते वेगळं लिहा, कारण मिळताना दोनच मिळू शकतात.

रोचेस्टरकर
रच्याकने, भारतीय पासपोर्ट असेल तर प्रयोगशाळेत शिरायची परवानगी फार आधी मागावी लागते.

लोहगर्भ
पासपोर्टचं कुणी विचारलं नव्हतं :) ८ मायक्रॉन, शॉक-रॅम्प, पाच शॉट. हायड्रोकोड आज रात्री लावतो. बॅकलायटर जर्मेनियमच ठेवतोय, रेषा जास्त हव्यात. पिनहोल (क्ष-किरणांची वाट अरुंद करणारं बारीक भोक) टंगस्टनचं लिहिलंय, चालेल ना?

इमेजप्लेट
नाही. टंगस्टनची दुसरी रेषा १.५८ ला, तुमची १.५६. एकमेकींवर बसतील. टँटलम लिहा, त्याची १.६५ ला येते. पिनहोलच्याच रेषांवरून कोन जुळवायचे असतात, तेव्हा त्या मोकळ्या दिसल्या पाहिजेत.