मदत हवी आहे: कॅनडात शहर कशावर ठरवायचं? नातेवाईक, नवऱ्याची नोकरी की माझं लायसन्स?

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचं कॅनडाचं पीआर (कायमचं वास्तव्य) मंजूर झालंय. मेडिकल गेल्या मार्चमध्ये झालं, त्यामुळे सीओपीआरवर (पीआर मंजुरीच्या कागदावर) येत्या मार्चची मुदत आहे. त्याआधी तिघांनी तिथे पाय ठेवायला हवा. तिघं म्हणजे मी, नवरा आणि लेक. लेक पुढच्या वर्षी नोव्हेंबरात चार पूर्ण करेल. मी बीएस्सी नर्सिंग, नऊ वर्षं नोकरी, त्यातली सहा आयसीयूत. नवरा सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. अर्ज एक्स्प्रेस एन्ट्रीतून (तिथल्या केंद्र सरकारच्या योजनेतून) केला होता, कुठल्याही प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, न घेता. म्हणजे कुठे राहायचं हे सर्वस्वी आमच्यावर आहे, आणि तिथेच घोडं अडलंय.

नणंद ब्रॅम्प्टनला (ऑन्टारियो प्रांतात, टोरांटोजवळ) असते. सासरच्यांच्या लेखी विषय तिथेच संपला: आपलं माणूस आहे, आणखी काय हवं? नणंद मनाने खूप चांगली आहे, बेसमेंट आमच्यासाठी रिकामं ठेवते म्हणाली. मागच्या जानेवारीत व्हिडिओ कॉलवर तिने ते दाखवलं. छताला लागून एक आडवी खिडकी, बाहेर जमिनीच्या पातळीवर उघडणारी, आणि तिच्या काचेवर बाहेरून अर्ध्यापर्यंत बर्फ. तिचा मुलगा बाहेरून फावड्याने तो काढत होता, तर आतून फक्त त्याचे बूट दिसत होते. लेकीला ती गंमत वाटली. मी मात्र मनात हिशोब केला की नाइट करून आल्यावर झोपायला जागा उत्तम आहे.

नवऱ्याचा मित्र कॅलगरीला (अल्बर्टा प्रांतात) आहे. तो म्हणतो, प्रांताचा सेल्स टॅक्सच नाही, नुसता 5 टक्के जीएसटी, ऑन्टारियोत 13 द्यावा लागतो. त्याचं बाकी सगळं बोलणं पगार आणि घरांवर असतं, आणि नवऱ्याला ते पटतंही. मला एकच खटकतं. भारतापासून हिवाळ्यात साडेबारा तासांचा फरक. आई रात्री नऊला झोपते.

आता माझं. नर्सिंगचं लायसन्स तिथे प्रांताप्रांताचं वेगळं असतं. 2023 मध्ये नोव्हा स्कोशियाच्या नर्सिंग कॉलेजने (कॉलेज म्हणजे शिकायचं नव्हे, नोंदणी करणारी संस्था) भारतासह सात देशांतल्या नोंदणीकृत नर्सेससाठी वाट बरीच सोपी केली. इथली नोंदणी चालू असल्याचं सिद्ध केलं की तिथे थेट अर्ज, आणि मग एनक्लेक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा. ती मी दिली नाहीये, पण अभ्यास चालू आहे. या हिशोबाने माझ्यासाठी नोव्हा स्कोशियाची राजधानी हॅलिफॅक्स. तिथे आमचं कोणी म्हणजे कोणी नाही. टोरांटोपासून रस्त्याने 1800 किलोमीटर, आणि भारतातून थेट विमानही नाही.

ज्या सल्लागाराला आम्ही पैसे मोजले त्याने आणखी घोळ घातला. म्हणाला, पहिल्यांदा जिथे उतराल त्या प्रांतात तीन वर्षं अडकलात. दोन महिने आम्ही ते खरं धरून भांडलो. मग नवऱ्यानेच शोधून काढलं की कॅनडाच्या 1982 च्या हक्कांच्या सनदेत सहावं कलमच आहे: कायमच्या रहिवाशाला कुठल्याही प्रांतात राहायचा आणि पोटापाण्याचं बघायचा हक्क आहे. नॉमिनेशन घेऊन गेलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी त्या प्रांतात राहायचा इरादा लिहून दिलेला असतो. आमचं तसं काही नाही.

तर विचारायचं हे की दोघांपैकी कुणाच्या नोकरीवर शहर ठरवलंत आणि नंतर पस्तावलात का? नातेवाइकांशिवाय लहान मुलीला घेऊन पहिला हिवाळा निघतो का? आणि नणंदेकडे सहा महिने राहून मग हॅलिफॅक्सला जावं, हा मधला मार्ग शहाणपणाचा की दोनदा संसार हलवणं?

प्रतिसाद १ (ब्रॅम्प्टनहून)

ताई, अभिनंदन! मी इथे दहा वर्षं आहे, त्यामुळे माझं मत थोडं पक्षपाती समजा. टेस्टिंगच्या जागा सगळ्यात जास्त याच पट्ट्यात निघतात आणि दादांना ओळखीतून मुलाखत मिळायची शक्यता इथेच जास्त. लेक सप्टेंबरात सरकारी शाळेच्या ज्युनियर किंडरगार्टनला बसेल, पूर्ण दिवस, फुकट. पण गाडीच्या विम्याचा आकडा ऐकून खुर्ची धरून बसा. ब्रॅम्प्टन त्यासाठी सगळ्या ऑन्टारियोत बदनाम आहे.

बेसमेंट घेणार असाल तर एक बघा: ते पालिकेकडे नोंदवलेलं आहे का आणि बाहेर पडायला दुसरी वाट आहे का. नात्यातलं असलं तरी विचारा. वाईट वाटलं तर वाटू दे.

प्रतिसाद २ (हॅलिफॅक्सहून, मीही नर्स)

तुझा धागा वाचून राहवलं नाही. अगं, मी उलटं केलं होतं. आधी दीड वर्ष टोरांटोजवळ दिराकडे राहिलो, तेवढा वेळ मी एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम केलं आणि लायसन्सचे कागद "बघू पुढे" म्हणत पडून राहिले. पाहुण्यासारखं राहताना अभ्यास होत नाही हे कोणी सांगत नाही. सकाळी चहाला सगळे बसलेले असताना खोलीचं दार लावून घेता येत नाही ना. म्हणून तुझा तो मधला मार्ग मला धोक्याचा वाटतो. जायचंच तर पंधरा दिवस जा, थंडीचे कपडे नणंदेबरोबर घे आणि निघ.

नोंदणीचा अर्ज तिथूनच सुरू कर, उतरायची वाट बघू नकोस. तुझ्या कौन्सिलकडून पत्र निघायला जो वेळ लागतो तो तू मला सांगायची गरज नाही. इंग्रजीच्या परीक्षेचं नर्सिंगसाठी काय लागतं ते वेगळं तपास, पीआरला दिलेली चालेलच असं धरून बसू नकोस. एनक्लेक्स भारतातूनच देऊन ये. 85 प्रश्नांवर मशीन बंद पडलं म्हणजे नापास असं नसतं, मी रडत बाहेर आले होते आणि पास होते.

आता जे कुणी विचारत नाही ते. आमची पाळी बारा तासांची, सात ते सात. दोन दिवस, दोन रात्री, मग सुट्ट्या. पाळणाघर उघडतं सात-साडेसातला. म्हणजे मुलीला सोडणं आणि आणणं हे तुझ्या पाळीच्या दिवशी कायम नवऱ्याचं काम. त्याची नोकरी घरून असेल तर प्रश्नच मिटला. ऑफिसात जायची असेल तर शहर नाही, पाळणाघर ते त्याचं ऑफिस हे अंतर ठरव आणि त्यावर घर बघ. पाळणाघरांच्या प्रतीक्षायादीत नाव आजच घाल, तिथून ईमेलवर जमतं. सप्टेंबरात ती सरकारी प्री-प्रायमरीला जाईल, ते इथेही फुकट आहे, पण फेब्रुवारी ते ऑगस्ट काय करणार?

थंडी इथे ब्रॅम्प्टनपेक्षा फार वेगळी नाही, समुद्र आहे ना. त्रास पावसाचा आहे. पडतो आणि रस्त्यावर काच होऊन बसतो. बुटांना लावायचे खिळे घे, पहिल्या आठवड्यात. मी मनगट मोडून शिकले.

एमएसआय कार्ड (प्रांताचा सरकारी आरोग्य विमा) पीआरवाल्यांना आल्या दिवसापासून लागू होतं, ते लगेच कर. फॅमिली डॉक्टर मात्र मिळत नाही, प्रांताची यादी आहे, 811 या फोन नंबरवर नाव नोंदव आणि विसरून जा. तुझ्या मिस्टरांच्या क्षेत्रातल्या जागा इथे कमी आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. शिवाय सेल्स टॅक्स 14 टक्के आणि आयकरही जास्त, त्यामुळे कॅलगरीच्या मित्राला आकडे दाखवू नका, तो जिंकेल.

प्रतिसाद ३ (एडमंटनहून)

वरच्या ताईंशी सहमत. एक भर: एका प्रांतात नोंदणी झाली की दुसऱ्या प्रांतात परीक्षा परत द्यावी लागत नाही, प्रांतांच्या आपसातल्या व्यापार करारात ते आहे. अर्ज आणि फी भरावी लागते. माझी बायको अशीच अटलांटिक किनाऱ्याकडच्या प्रांतातून इकडे आली. म्हणजे हॅलिफॅक्स निवडलंत म्हणजे जन्मगाठ बांधली असं नाही. टेस्टरला शहर बदलायला लॅपटॉप पुरतो, नर्सला लायसन्स लागतं. ज्याचं अडतं त्याचं आधी बघा.

आणि अल्बर्टात चार वर्षांच्या मुलांना सरकारी शाळा नाही. किंडरगार्टन पाचव्या वर्षी, तेही बहुतेक ठिकाणी अर्धा दिवस. कॅलगरीच्या हिशोबात एक वर्षाचं पाळणाघर धरा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला काल रात्री दुसरा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सात ते सात ऐकल्यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे वेणी मीच घालायची." आज सकाळी यूट्यूबवर शिकत बसला होता, त्यामुळे उत्तर मिळालं असं समजते. टोरांटोच्या दोन कंपन्यांत घरून करायच्या जागांना अर्जही टाकलेत. त्यातलं काही झालं नाही तर माझी नोकरी लागेपर्यंत बचतीवर किती महिने काढायचे, यावर आमचं अजून एकमत नाही. तो चार म्हणतो, मी आठ.

नोंदणीचा अर्ज मी या आठवड्यात पाठवते. नणंदेला अजून सांगितलेलं नाही, ते नवऱ्याने सांगायचं असं ठरलंय. पीआर कार्डासाठी 180 दिवसांत कॅनडातला पत्ता द्यावा लागतो, तो सुरुवातीला तिचाच देऊ, तेवढंच तिला बरं वाटेल.

हॅलिफॅक्सच्या ताई, आणखी एक. घरं बघताना डार्टमाउथ बाजूला (बंदराच्या पलीकडे) जरा मोठी जागा दिसतेय. हॅलिफॅक्स बाजूच्या हॉस्पिटलात नोकरी लागली तर सकाळी सातची पाळी फेरीबोटीने गाठता येते का, की गाडीशिवाय तिकडचा विचारच करू नये? आणि रात्रीच्या पाळीनंतर परतताना फेरीबोट रविवारी किती वाजता सुरू होते?