ग्लॉसॉप नॉर्थ एंडचा इतिहास जुळवताना अडतंय, मदत हवी

डावखुरा
नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या नॉन-लीग (फुटबॉल लीगच्या बाहेरच्या, खालच्या पातळ्यांवरच्या) फुटबॉलवर मराठीत फारसं काही सापडत नाही, म्हणून एका लहान गावाच्या क्लबचा इतिहास क्रमवार लिहायला घेतलाय. ग्लॉसॉप निवडलं: डर्बीशायरमधलं, मँचेस्टरच्या पूर्वेला असलेलं जुनं गिरणगाव. क्लबची स्थापना १८८६ची. १८९९-१९०० हा एकच हंगाम ते पहिल्या विभागात (तेव्हाची सर्वोच्च पातळी) खेळले आणि १९१५नंतर फुटबॉल लीगमध्ये परतलेच नाहीत.

अडतंय ते असं. १८९९ची बढती थेट होती की 'टेस्ट मॅच' (हंगामाअखेरचे बढती-अवनती ठरवणारे सामने) खेळून मिळाली? १९०९च्या एफए कपात ते चौथ्या फेरीत हरले की उपांत्यपूर्व फेरीत? १९१५ला नेमकं काय झालं? आणि २०१५ साली ते 'स्टेप ५'ला होते, म्हणजे पाचव्या पातळीवर का?

मधली_फळी
बढती थेट. टेस्ट मॅच १८९८पर्यंतच होत्या. त्या वर्षी स्टोक आणि बर्नली यांच्यात अशी लढत झाली की बरोबरीत दोघांचंही भागत होतं. सामना ०-० सुटला आणि ओरड झाली. मग ती पद्धत मोडीत काढली, दोन्ही विभाग १८-१८ क्लबांचे केले, आणि १८९८-९९पासून दोन वर, दोन खाली. ग्लॉसॉप नेमकं त्याच हंगामात लीगमध्ये आलं (आधी मिडलँड लीगमध्ये होतं) आणि पहिल्याच फटक्यात दुसरं आलं: मँचेस्टर सिटी ५२ गुण, ग्लॉसॉप ४६, लीस्टर फॉस ४५. एका गुणाने साधलं. त्यांच्या जागी खाली आले बोल्टन आणि शेफील्डचे वेन्सडे.

पुढच्या हंगामात ३४ सामन्यांत ४ विजय, १० बरोबरी, २० पराभव, शेवटचा क्रमांक. तक्ता स्वतः मांडणार असाल तर विजयाला दोनच गुण धरा, म्हणजे १८ येतात. आजच्या तीनच्या हिशेबाने २२ होतील आणि सगळा तक्ता बिघडेल. तीन गुण लीगमध्ये १९८१ला आले. तसंच तेव्हा गोलफरक नव्हता, गोलसरासरी होती: केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. ग्लॉसॉपचे ३१ भागिले ७४, म्हणजे ०.४१९. समान गुणांवरचा क्रम याच आकड्याने ठरतो. गोलफरक १९७६-७७पासून.

नॉन-लीगचे तक्ते तर आणखी फसवे. अलायन्स प्रीमियर लीगमध्ये (तेव्हाची नॉन-लीगची सर्वोच्च लीग) १९८३ ते १९८६ घरच्या विजयाला दोन आणि बाहेरच्या विजयाला तीन गुण होते. सामन्यांची घर-बाहेर फोड मिळाल्याशिवाय तिथे बेरीज तपासताच येत नाही.

जुनी_पानं
कपाबद्दल: दोन्ही बरोबर, फेरी तीच. १९०५-०६ ते १९२४-२५ या काळात मुख्य स्पर्धेची पहिली फेरी ६४ संघांची असायची. पहिली ६४, दुसरी ३२, तिसरी १६, चौथी ८. म्हणजे तेव्हाची चौथी फेरी हीच उपांत्यपूर्व. १९२५-२६पासून ६४ संघ तिसऱ्या फेरीत आले, त्यामुळे आजची सहावी फेरी म्हणजे उपांत्यपूर्व. १९०९ला ग्लॉसॉपने ब्रिस्टल सिटीशी ०-० बरोबरी केली आणि पुनर्सामना ०-१ हरले. लिहिताना फेरीच्या क्रमांकाऐवजी 'शेवटचे आठ' लिहा, वाचणाऱ्याचा घोळ होत नाही.

नावाकडेही लक्ष असू द्या. प्रेस्टन नॉर्थ एंडशी गल्लत नको म्हणून १८९९ला 'नॉर्थ एंड' गाळलं, ते १९९२ला परत आलं. जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात पूर्ण नावाने शोधलं तर मधली नव्वद वर्षं गायब होतात. नुसतं 'ग्लॉसॉप' टाकलं की नगरपालिका, क्रिकेट, बाजारभाव सगळंच येतं. त्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याचं नाव आणि सामन्यानंतरचे सात दिवस, असं शोधा. शनिवारच्या संध्याकाळच्या क्रीडा अंकावर गोल करणाऱ्यांच्या नावांसाठी विसंबू नका; तो सामना संपता संपता छापायला जायचा. गावच्या साप्ताहिकातला वृत्तांत उशिराचा, पण खेळाडूंना ओळखणाऱ्याने लिहिलेला.

पेनल्टी_बॉक्स
१९१५ला 'अवनती झाली' असं कृपा करून लिहू नका, दुसऱ्या विभागातून खाली जायचा तसला नियमच नव्हता. दुसऱ्या विभागाच्या तळाच्या क्लबांना वार्षिक सभेत पुन्हा निवडून यावं लागे, आणि मतं असत दुसऱ्या क्लबांची. तळाला ग्लॉसॉप, त्याच्या वर लीस्टर फॉस. लीस्टरला ठेवलं, ग्लॉसॉपला काढलं, जागा स्टोकला दिली. युद्धामुळे लीग थांबली, म्हणून स्टोकला प्रत्यक्ष खेळायला १९१९ उजाडलं. नॉन-लीगच्या सर्वोच्च विभागातून थेट वर जायची वाट १९८७ला उघडली; पहिला मान स्कारबरोचा.

ग्लॉसॉपच्या चढाईला लोक परीकथा म्हणतात, मला ते पटत नाही. ती गिरणीच्या पैशाची गोष्ट आहे. मालक सॅम्युअल हिल-वुड, १९१०पासून हाय पीक मतदारसंघाचे खासदार, नंतर आर्सेनलचे अध्यक्ष. गावाच्या तिकीटविक्रीवर पहिल्या विभागाचे पगार निघणं अवघडच. त्यामुळे लेखात हिल-वुडना तळटीप नको, अख्खा परिच्छेद द्या.

मधली_फळी
स्टेपचं राहिलं. स्टेप ही नॉन-लीगच्या पातळ्यांची मोजणी; स्टेप १ म्हणजे देशातली पाचवी पातळी, कारण वरच्या चार पातळ्या मोजणीत धरत नाहीत. स्टेपमध्ये चार मिळवा, पातळी मिळते. नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगचा प्रीमियर विभाग स्टेप ५, म्हणजे नववी पातळी. २०१४-१५ला ग्लॉसॉप तिथे विजेते ठरले आणि नॉर्दर्न प्रीमियर लीगमध्ये, स्टेप ४ला गेले. एफए व्हाज ही बाद पद्धतीची स्पर्धा स्टेप ५ आणि खालच्यांसाठी, त्यामुळे बढतीनंतर त्यांची स्पर्धा बदलली, एफए ट्रॉफी झाली. व्हाजचे दोन अंतिम सामने मात्र वेम्बलीवर हरले: २००९ला व्हिटली बेकडून ०-२, २०१५ला नॉर्थ शील्ड्सकडून जादा वेळेत १-२. दोन्ही वेळा टाइनसाइडच्या किनाऱ्यावरचेच क्लब आडवे आले.

ही क्रमवारी जुन्या काळाला लावू नका. युद्धानंतर ते लँकेशायर कॉम्बिनेशनमध्ये आणि मग बराच काळ मँचेस्टर लीगमध्ये होते. त्या लीगला तेव्हा पातळी नव्हतीच, कारण जिंकणाऱ्याला वर नेणारी शिडी नव्हती.

डावखुरा
फार उपयोग झाला, आभार. एकच: पहिल्या विभागातल्या सामन्यांची प्रेक्षकसंख्या कशी धरू? प्रत्येक वृत्तांतात गोल आकडे, 'सुमारे ५,०००' वगैरे.

जुनी_पानं
ते आकडे वार्ताहराचा अंदाज. गेटची रक्कम (दारावर जमलेले तिकिटांचे पैसे) छापलेली सापडली तर ती धरा. लीगचा किमान दर सहा पेन्स आणि पौंडाचे २४० पेन्स, म्हणजे पौंडामागे ४० माणसं. ५० पौंड गेट म्हणजे सहा पेन्सवाली २,०००. स्टँडमधले जास्त देत, म्हणून खरी संख्या कमी. निम्म्या दराची मुलं आणि सीझन तिकीटवाले धरले तर उलट जास्त. दोन्हीकडून ओढाताण आहे, तेव्हा एक ठाम आकडा न देता रक्कम आणि हिशेब दोन्ही छापा. कपाच्या सामन्याचं गेट लीगच्या सामन्याला लावू नका.

मैदानासाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशासंस्थेचे २५ इंची (मैलाला २५ इंच) नकाशे फुकट पाहता येतात. नॉर्थ रोड हे जुनं मैदान शोधा, सरी स्ट्रीट नको; तिथे क्लब १९५५पासून आहे. नकाशावरचं प्रकाशनाचं वर्ष आणि मोजणीचं वर्ष वेगळं असतं, स्टँड कधी बांधला हे ठरवताना मोजणीचं घ्या.