कोजागरीला पेटी आणि एआयची जुगलबंदी करायचीय, काय वापरू? (सांगली)

कृष्णाकाठचा_पेटीवाला
मंडळी, जरा मदत हवी आहे. विश्रामबागेत आमच्या सोसायटीत कोजागरीला मी तासभर पेटी वाजवतो, तबल्याला शेजारचे काका. दूध आटेपर्यंत लोक बसतात, प्यायला उठले की परत येत नाहीत. यंदा पुण्याच्या भाच्यानं डोक्यात किडा सोडलाय : दहा मिनिटं एआयबरोबर सवाल-जवाब कर. मी वाजवायचं, त्यानं तिथल्या तिथे ऐकून उत्तर द्यायचं.

गेल्या रविवारी प्रयोग झाला. मी भूप रागातली साधी तान टाकली, मशीन गप्प. काका सम (तालाची पहिली मात्रा) घेऊन पुढच्या आवर्तनात, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीत शिरले, तेव्हा कुठे स्पीकरमधून सतारीसारखं काहीतरी आलं, मालिकेत राजवाडा दाखवताना लावतात तसलं. काकांनी हातोडी खाली ठेवली आणि चहा मागितला.

लॅपटॉप आहे, चार वर्षांचा. खर्च पाच हजारांच्या आत. मला प्रोग्रामिंग येत नाही, भाच्याला येतं पण तो फक्त शनिवार-रविवार. काय वापरू? की नाद सोडू?

सम_कुठाय
भाच्यानं गुगलचं मॅजेंटा रिअलटाइम हे संगीत तयार करणारं एआय मॉडेल लावलं होतं का? तसं असेल तर तुमचा दोष नाही. ते 2025 मध्ये आलं, मॉडेल कुणालाही उतरवून घेता येतं, पण ते 2-2 सेकंदांचे तुकडे करून संगीत तयार करतं. मध्यलय तीनताल (16 मात्रांचा) मिनिटाला 120 मात्रांच्या वेगानं धरा. आवर्तन 8 सेकंदांचं, म्हणजे 2 सेकंदांत 4 मात्रा, अख्खा विभाग. तुम्ही समेवर केलेला इशारा तिकडे दुसऱ्या टाळीला, म्हणजे पाचव्या मात्रेवर पोचणार. शिवाय ते शिकलंय बहुतांश पाश्चात्त्य वाद्यसंगीतावर. म्हणून राजवाडा.

तुम्ही सोमॅक्स बघा. पॅरिसच्या इरकॅम संस्थेचं आहे, फुकट. ते स्वतः नवा सूर घडवत नाही. आधी रेकॉर्डिंग द्यायचं, ते त्याचे बारीक तुकडे करून ठेवतं आणि तुमचं चालू वाजणं ऐकून जुळणारा तुकडा काढून वाजवतं. म्हणजे तुमच्याच पेटीचं अर्धा तास भूपाचं रेकॉर्डिंग द्या. ते मॅक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, मांडामांडीत भाच्याचे दोन शनिवार जातील. आधी तुमच्या लॅपटॉपवर चालतंय का तेवढं बघा.

जवारी_मिरज
राग म्हणजे पाच सुरांची पिशवी नव्हे. भूप आणि देशकाराचे सूर तेच, सा रे ग प ध. भूपाचा जीव गंधारात (ग), देशकाराचा धैवतात (ध). तुकडे उलटसुलट जोडणारं यंत्र भूप म्हणून सुरू करेल आणि देशकारात जाऊन बसेल, त्याला पत्ताही लागणार नाही. सांगलीच्या देवलांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर (सप्तकातल्या सूक्ष्म सुरांवर) पुस्तक लिहिलं, क्लेमंट्स नावाच्या न्यायाधीशांनी श्रुतींची पेटी करवून घेतली, मिरजेत गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. त्या भागात आता हे.

सम_कुठाय
जवारीकाका, देशकाराचा मुद्दा शंभर टक्के खरा. म्हणूनच देताना निवडून द्यायचं. धैवतावर रेंगाळलेल्या जागा कापून टाका, उत्तरांगातलं (सप्तकाच्या वरच्या भागातलं) कमी ठेवा, गंधारावर येऊन थांबणाऱ्या जागा भरपूर. स्वर वर-खाली सरकवून जुळवायची सोय त्यात असते, ती बंद, नाहीतर भूपात नसलेला निषाद (नी) येईल. श्रुतींचं म्हणाल तर आवाज पेटीवाल्यांच्या पेटीचाच येणार. पेटी बेसूर असेल तर तेवढीच बेसूर.

ट्रॉम्बोन_ते_सनई
हे वेड नवं नाही हो. जॉर्ज लुईस हे अमेरिकन ट्रॉम्बोनवादक 1980 च्या दशकातच 'व्हॉयेजर' नावाच्या स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामबरोबर वाजवायला लागले. तो प्रोग्राम ऐकतो, पण हुकूम मानत नाही. समोरचा गप्प बसला तरी आपलं वाजवतो. मला त्यातून एवढं कळलं की मशीन चुकलं म्हणून थांबायचं नाही. त्यानं भलतीच जागा घेतली तर ती उचलून परत भूपात आणून ठेवायची. लोक ऐकायला त्यासाठीच बसतील. साथीदार बहकला तर आपण दुसरं काय करतो?

भोंगा_दुरुस्त
मी मांडवात साऊंड लावतो, म्हणून सांगतो. ब्लूटूथ स्पीकर आजिबात लावू नका, त्यातच अर्धी लय जाते. वायर वापरा. साधा माइक पेटीसमोर ठेवलात तर तो तबला पण खेचणार, मग मशीन काकांना उत्तरं देत बसतंय. पेटीच्या लाकडाला चिकटवायचा, लाकडाचं कंपन पकडणारा पिझो माइक घ्या, काही शेकड्यात मिळतोय. आणि स्पीकर जवळ ठेवा. 10 मीटर लांबचा आवाज यायला 29 मिलिसेकंद लागतात, ते लॅपटॉपच्या उशिरात जाऊन मिळतात बघा.

कृष्णाकाठचा_पेटीवाला
सगळ्यांचे आभार. पण तालाचं काय? काका म्हणतात, लेहरा (तबल्यासाठी फिरून फिरून वाजणारी धून) मशीनकडे द्या, ते वाजवत बसेल, म्हणजे पेटीवर मी मोकळा.

सम_कुठाय
लेहऱ्याला एआय कशाला, त्याची ॲप्स कधीचीच आहेत. माझं मत : पहिली पाच मिनिटं आलाप, तबला गप्प. तिथे उशीर झाला तरी तो विचार करून दिल्यासारखा वाटतो. मग ताल सुरू झाला की तुम्ही एक आवर्तन, मशीन एक आवर्तन, आणि दर वेळी सम तुम्हीच घ्यायची. समेआधी दोन मात्रा भाच्यानं मशीनचा आवाज कमी करायचा. भाच्याला ताल मोजता येतो ना?

कृष्णाकाठचा_पेटीवाला
शिकवतोय. पहिल्या दिवशी समेऐवजी 'खाली'च्या मात्रेवर (तीनतालात नववी) आवाज तोडला, काकांनी जीभ चावली.

बाकी अपडेट : पिझो आला, सोमॅक्स चाललं. रेकॉर्डिंगमधून धैवत कापताना कळलं मी किती देशकार वाजवतो (जवारीकाका, हसू नका). आलापात त्यानं माझीच एक जुनी जागा परत दिली, भात्याच्या करकरीसकट. काका म्हणाले, हा तूच आहेस, फक्त कमी घाई करतोस.

आता एकच : कोजागरीला आमच्या गल्लीत वीज हमखास जाते आणि लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं टिकते. सांगलीत एका रात्रीपुरता इन्व्हर्टर कुणी भाड्यानं देतं का?

भोंगा_दुरुस्त
माझा घेऊन जा. दुधाची एक वाटी बाजूला ठेवा.