इन्सब्रुकमध्ये डिसेंबरच्या पाच रात्री : बिअर केवढ्याला, बसायचं कुठे, येताना काय आणायचं?

उद्यमबाग_लेथ

कंपनीच्या कामासाठी आम्ही चौघं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑस्ट्रियात इन्सब्रुकला जाऊलोय. बुधवारी पोचायचं, सोमवारी निघायचं, हॉटेल मेन स्टेशनजवळ. जेवणाचा भत्ता आहे, बाटलीचा अर्थातच नाही. म्हणून विचारतो :

माणशी एका संध्याकाळचा खर्च किती धरायचा? बार कुठल्या भागात आहेत आणि किती वाजेपर्यंत उघडे असतात? चौघांत एकजण अजिबात पीत नाही, एकजण शाकाहारी आहे (अंडं चालतं). त्यांचं काय? आणि येताना घरी किती बाटल्या आणता येतात?

"गुगल कर की" म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

टिळकवाडीकर

आधी मापं समजून घ्या, दर त्यावरच कळतात.

बिअर दोन मापांत मिळते. अर्धा लिटर म्हणजे 'हाल्बे' (व्हिएन्नाकडे त्यालाच क्र्युगर्ल म्हणतात) आणि ०.३ लिटर म्हणजे 'झाइडल'. ग्लासवर बारीक रेघ आणि आकडा छापलेला असतो. बिअर त्या रेघेपर्यंत पाहिजे, फेस रेघेच्या वर. कमी वाटली तर रेघ दाखवा, मुकाट्यानं भरून देतात. नुसतं 'बिअर' म्हटलं तर बहुतेक ठिकाणी हलकी मेर्त्सन येते, साधारण ५ टक्क्यांची. स्टीगल, गोसर, झिपफर ही ऑस्ट्रियाभर चालणारी नावं, झिलरटाल ही टिरोलची, म्हणजे इन्सब्रुकच्या प्रांताची, स्वतःची.

हिशेब असा : ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरात २५ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीत साधारण तेवढंच. म्हणजे एक हाल्बे = एक लार्ज. आपली ६५० ची स्ट्राँग बाटली म्हणजे जवळजवळ दोन हाल्बे. तेव्हा "बिअरच आहे, पाणी आहे" असं समजून सहा मागवणाऱ्यानं सहा लार्ज मोजावेत. त्यात डिसेंबरात 'बॉक' नावाची सणाची बिअर येते, ती ७ टक्क्यांच्या आसपास किंवा वर. चवीला गोडसर, म्हणून फसवते. ती झाइडलमध्येच घ्या.

दर. हिशेबाला युरोचे शंभर रुपये धरा. हाल्बे साधारण साडेचार ते सहा युरो, जुन्या शहरातल्या सोनेरी छपराच्या प्रसिद्ध इमारतीजवळ वरच्या टोकाला, विद्यार्थ्यांच्या भागात खालच्या. वाईन-सोडा, म्हणजे 'गश्प्रित्स्टर', साडेतीन ते साडेचार. कॉकटेल १० ते १३. फळांची दारू, २० मिलीचं 'श्टांपर्ल', ३ ते ५.

ज्याला तीन तास बसायचंय पण चढवून घ्यायचं नाही त्यानं गश्प्रित्स्टर घ्यावी. पाव लिटरच्या ग्लासात निम्मी पांढरी वाईन, निम्मा सोडा, म्हणजे स्मॉलपेक्षा थोडंसंच जास्त. तिथले लोक गप्पा मारायला तेच घेतात. वाईन टिरोलची नसते, बहुतेक खालच्या ऑस्ट्रियातली ग्र्युनर फेल्टलिनर असते. उत्तम असते.

दोन हाल्बे, एक श्टांपर्ल, एक जेवण, टिप : माणशी ३० ते ३५ युरो. क्लबला गेलात तर वर आणखी दहा.

चाकण्याचं आधीच सांगतो. शेंगदाणे, फुटाणे, काकडी, काहीही फुकट येत नाही. टेबलावर ब्रेडची टोपली ठेवली असेल तर त्यातला एक तुकडा उचलला तरी तो बिलात येऊ शकतो. बॅगेत भडंगाचं पाकीट असेल तर ते हॉटेलच्या खोलीतच फोडा, बारमध्ये बाहेरचं काढलेलं चालत नाही.

उद्यमबाग_लेथ

एक हाल्बे = एक लार्ज, हे छापून खिशात ठेवतो. दोन उपप्रश्न. आमच्यातला एकजण फक्त व्हिस्की-सोडा घेतो. आणि दुसऱ्याला 'सांक्ट आन्टोनचं आप्रे-स्की' (स्कीच्या गावातली, स्की झाल्यावरची पार्टी) बघायचंच आहे, एका रात्रीत जाऊन येता येईल का?

निपाणी_नाका

व्हिस्कीवाल्याची समजूत इथेच घाला. माप २० किंवा ४० मिलीचं, ४० ला ७-८ युरोपासून पुढे, सोडा वेगळा, बर्फ मागितला तर दोन खडे. तीन लार्जच्या सवयीचा माणूस चाळीस युरो घालवून उपाशी उठेल. पर्याय ओब्स्टलर : सफरचंद आणि नाशपती आंबवून गाळलेली, ३८-४० टक्के, रंग पाण्यासारखा. फेणी ज्याला चालते त्याला ही चालेल, जात तीच. फक्त सोडा घालून मागू नका, ती तशीच, थोडी-थोडी घ्यायची असते.

सांक्ट आन्टोनबद्दल माझं मत स्पष्ट आहे : नको. ट्रेननं सव्वा तासाच्या आसपास लागतो, मेन लाइनवरच स्टेशन आहे, इथवर ठीक. पण आप्रे-स्की म्हणजे रात्रीचा कार्यक्रम नव्हे. उतारावरून उतरलेली माणसं दुपारी तीनच्या सुमारास बूट न काढताच नाचायला लागतात आणि सात-आठला तो आटोपतो. तुम्ही काम संपवून सहाला निघाल तर शेवटची पंधरा मिनिटं बघायला मिळतील, वर परतीच्या गाडीची धावपळ. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथला मोसम नुकताच सुरू होत असतो. आणि भाव इन्सब्रुकपेक्षा चढे. इन्सब्रुक हे विद्यापीठाचं शहर आहे, १६६९ सालचं विद्यापीठ. इथल्या बारचं गिऱ्हाईक स्कीवाला नाही, विद्यार्थी आहे. दर आवाक्यात आहेत ते त्यामुळेच.

खानापूर_रोड

जागांचं मी सांगतो.

तुमच्या हॉटेलपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर 'बोगन' आहेत. १८५८ मध्ये कुफश्टाइन-इन्सब्रुक रेल्वे आली तेव्हा दगडी कमानींचा लांबच्या लांब पूल बांधला. वरून आजही गाड्या जातात आणि खालच्या कमानींत बार, क्लब, गॅरेज, वर्कशॉप आहेत. पत्ता कमानीच्या नंबरानं असतो, 'बोगन अमुक'. रस्ता इंजेनियर-एत्सल-श्ट्रास, ब्रेनर रेल्वेच्या अभियंत्याच्या नावाचा. उद्यमबागवाल्यांनी दिवसा एकदा तरी नुसतं बांधकाम बघायला जावं. १८ ते २० नंबरच्या कमानींत 'पीएमके' आहे, तिथे मुख्यतः बँड वाजतात, जायच्या आधी त्या दिवशी काय आहे ते बघा.

शांत बसून प्यायचं असेल तर बोगन टाळा. मारिया-तेरेसिएन-श्ट्रासजवळ नगरपालिकेच्या इमारतीच्या डोक्यावर '३६०' नावाचा काचेचा गोल बार आहे. दर जास्त, पण चारी बाजूंचे डोंगर दिसतात. तिथे संध्याकाळी उजेड असताना जायचं, एक ग्लास घ्यायचा, उतरायचं. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो हे लक्षात ठेवा. विद्यापीठाच्या बाजूला 'ट्राइबहाउस' आहे, नाटक-संगीताचं ठिकाण, त्याचा कॅफे बसायला चांगला.

वेळ. इथे आपली माणसं नेहमी चुकतात. स्वयंपाकघर नऊ-साडेनऊला बंद होतं, बार चालू असला तरी. दहाला "आता जेवूया" म्हणालात तर कबाबचा गाडा किंवा सॉसेजचा ठेला, शाकाहाऱ्याला फ्राइज. म्हणून आधी सातला जेवा, मग प्या. आपल्या बरोब्बर उलटं. साधे बार एक-दोनपर्यंत, बोगनमधले क्लब पहाटेपर्यंत, पण अकराच्या आत तिथे शुकशुकाट असतो. बुधवार-गुरुवारी विद्यार्थ्यांची गर्दी असते, शुक्र-शनि सगळ्यांची. रविवारी निम्मी दारं बंद. दारावर 'रूहेटाग' लिहिलं असेल तर त्यांची आठवड्याची सुट्टी.

क्लबला प्रवेश ५ ते १० युरो आणि कोट जमा करायचे वेगळे २-३. कोट आत नेऊ देत नाहीत, नंबराचा बिल्ला हरवला तर सगळे जाईपर्यंत थांबवून ठेवतात. पासपोर्टचा मोबाईलमधला फोटो दारावर चालेलच असं नाही. बिअर-वाईनला १६ वर्षं आणि कडक दारूला १८ ही तिथली वयोमर्यादा, तुम्हाला त्याची अडचण नाही. आत सिगरेट नाही, १ नोव्हेंबर २०१९ पासून बंदी आहे.

पैसे : बोगनमध्ये काउंटरवर लगेच द्यायचे, बसायच्या ठिकाणी शेवटी. 'त्सालेन बिटे' म्हटल्याशिवाय बिल येत नाही, कितीही वेळ बसा. वेटर विचारतो 'त्सुझामन' की 'गेट्रेन्ट', म्हणजे एकत्र की वेगवेगळं. वेगवेगळं सांगायला लाजू नका, तो प्रत्येकाचं बरोबर करतो. टिप टेबलावर ठेवून उठायची नसते : बिल २७.४० असेल तर तीसची नोट देताना 'ष्टिम्ट झो' म्हणायचं, म्हणजे बाकीचे तुमचे. लहान बारमध्ये कार्ड नाकारतात, ५०-६० युरो सुटे ठेवा.

रस्त्यावर बाटली घेऊन फिरू नका. शहराच्या काही भागांत उघड्यावर पिण्याला बंदी आहे, पाट्या असतात, दंड होतो.

शहापूर_पेठ

वरच्या दादांनी ख्रिसमस बाजार विसरूनच गेले की. डिसेंबरात इन्सब्रुकला जाऊन बारमध्ये काय बसायचं? सोनेरी छपरासमोर, मार्केट चौकात, मारिया-तेरेसिएन-श्ट्रासवर, सगळीकडे ठेले असतात. आणि ते साडेआठ-नऊच्या सुमारास आवरतात, म्हणजे संध्याकाळची सुरुवात तिथे.

ग्लूव्हाइन म्हणजे दालचिनी, लवंग, संत्र्याची साल घालून गरम केलेली लाल वाईन. ४-५ युरोचा कप, पण तुमच्याकडून ८-९ घेतील. घाबरू नका, वरचे पैसे कपाची अनामत असते. कप परत केला की पैसे परत, दुसऱ्यांदा घेताना तोच कप द्या. चांगल्या ठेल्यावर भांड्याला उकळी येऊ देत नाहीत, कारण शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतो, म्हणजे तो उडून जातो, आणि मसाला कडवट होतो. बाहेर शून्याखाली थंडी, हातात गरम कप, त्यात साखर, त्यामुळे तिसरा कधी संपला कळत नाही. दारूनं कातडीकडे रक्त धावतं, ऊब वाटते, पण अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. म्हणून कान-डोकं झाकूनच उभं राहायचं.

न पिणाऱ्यासाठी : 'किंडरपुन्श', तोच मसाला, फळांच्या रसात, दारू नाही. नाव मुलांचं असलं तरी मोठे पितात. बारमध्ये 'आल्मडुडलर', जडीबुटीचं लेमोनेड, किंवा 'स्कीवासर', रासबेरी-लिंबू सरबत. बिनदारूची बिअर सगळीकडे मिळते. मात्र थंड पेयांचे दर बिअरच्या जवळपासच असतात, तेव्हा चौघांचं बिल समान वाटायला त्याची हरकत नसावी.

शाकाहाऱ्यासाठी : 'कासश्पात्सल्न', अंड्याच्या पिठाचे तुकडे, चीज आणि तळलेला कांदा, १३ ते १६ युरो. पोटभर. 'ओने श्पेक' म्हणायला विसरू नका, म्हणजे डुकराचं सुकं मांस नको. टिरोलमध्ये ते भाजीतही असतं, कुणी मुद्दाम घालत नाही, त्यांना ते मिठासारखं वाटतं. बाजारात 'किआख्ल' मिळेल, मोठ्या पुरीसारखा तळलेला. आंबट कोबीचा किंवा बेरीच्या मुरंब्याचा असतो. मुरंब्याचा घ्या, आणि तळणीत चरबी आहे का तेल, ते विचारा.

५ डिसेंबरला रस्त्यात शिंगवाले क्राम्पुस (राक्षसाच्या सोंगातली माणसं) दिसले तर दचकू नका. शेपटी-मुखवटा ओढायला जाऊ नका, पायावर छडी बसते.

निपाणी_नाका

बाटल्यांचा प्रश्न राहिला.

भारतात येताना माणशी २ लिटर ड्युटी-फ्री. तिकडच्या चांगल्या दारूच्या बाटल्या अर्ध्या लिटरच्या असतात, म्हणजे माणशी चार. विमानाचा नियम वेगळा : २४ ते ७० टक्क्यांची दारू सामानात ५ लिटरपर्यंत चालते, ७० च्या वर अजिबात नाही. ऑस्ट्रियाची प्रसिद्ध 'श्ट्रो ८०' रम ८० टक्क्यांची आहे, ती विमानतळावरच राहील. तीच ६० टक्क्यांची मिळते, ती आणा. चहात चमचाभर पुरते.

लेबल वाचा. 'एडलब्रांट' किंवा 'ओब्स्टब्रांट' म्हणजे फक्त फळातून गाळलेली. 'गाइस्ट' म्हणजे फळ तयार अल्कोहोलमध्ये भिजवून गाळलेलं. नुसतं 'श्पिरिटुओझे' आणि स्वस्त असेल तर बहुधा साधं अल्कोहोल आणि वास. जर्दाळूची 'मारिले' सगळ्यांना आवडते. 'त्सिरबन' म्हणजे पाइनची कोवळी बोंडं भिजवलेली, तांबूस, औषधी वासाची. 'एन्त्सियान'च्या बाटलीवर निळं फूल असतं, पण दारू पिवळ्या फुलाच्या जातीच्या मुळांची असते. कडू जहर, घरी नेऊन कुणी पिणार नाही. व्हिल्डश्योनाउ खोऱ्यातली सलगमाची 'क्राउटिंगर' धाडस असेल तरच. फेणीचा वास ज्यांना सोसत नाही त्यांच्यासमोर उघडू नये.

खरेदी शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत. रविवारी सुपरमार्केट बंद, फक्त मेन स्टेशनमधलं उघडं, आणि तिथे रांग. ८ डिसेंबरलाही सरकारी सुट्टी असते. डब्याच्या आणि प्लास्टिकच्या बाटलीच्या बिअर-पेयांवर १ जानेवारी २०२५ पासून २५ सेंट अनामत आहे. डबा चेपू नका, मशीन घेत नाही.

बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, प्रत्येक बाटली मोज्यात, मोजा झिपच्या पिशवीत, मग कपड्यांच्या मधोमध. मुंबई किंवा बंगळुरूला कस्टमनंतर बॅग पुन्हा जमा करावी लागते. ड्युटी-फ्रीतून हातात घेतलेल्या बाटल्या तिथेच बॅगेत घाला, बेळगावच्या सांबरा विमानतळापर्यंत हातात नाचवू नका.

उद्यमबाग_लेथ

सांक्ट आन्टोन रद्द. व्हिस्कीवाला रुसलाय, त्याला ओब्स्टलरवर आणतो. शेवटचं : बोगनमधून रात्री दोनला हॉटेलवर यायला काही?

खानापूर_रोड

स्टेशनजवळ हॉटेल असेल तर चालतच, पुलाच्या कडेकडेनं सरळ. बर्फ गोठलेला असतो, बूट खाचांच्या तळव्याचे घाला. शनिवार-रविवारच्या आदल्या रात्री रात्रबस असतात, नाहीतर टॅक्सी, शहरात १०-१५ युरो. दोन किंवा त्याहून जास्त रात्री राहणाऱ्याला हॉटेल 'वेलकम कार्ड' देतं, त्यावर शहरातली बस-ट्राम फुकट. चेक-इनलाच मागून घ्या, काही ठिकाणी आपणहून देत नाहीत.

भाड्याची सायकल मात्र नको. तिथे सायकलवाल्यालाही रक्तातल्या अल्कोहोलची हजारी ०.८ ची मर्यादा आहे, मोटारीला ०.५.